लांज्याची चिंधी, दापोलीचा सिलिंडर

मी कधीकाळी दापोलीत काम केलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल कुणी विचारलं की मी तिथल्या गार हवेबद्दल बोलायचो, हर्णैच्या मासळीबद्दल बोलायचो आणि विषय संपवायचो. इतकी वर्षं हेच करत आलो. मुलीला सांगितलं नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही.

गेल्या शिमग्याच्या दिवसांत लांजा, दापोली आणि देवरूख असा माझा प्रवास झाला. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकता केलेल्या प्रवासाचं वर्णन सहसा कुणी लिहीत नाही. मला लिहावं लागतंय. दापोलीच्या एका खाजगी दवाखान्यात माझ्याबरोबर प्रभा नावाची सिस्टर होती. मी फोनवर बोललेल्या एका खोट्या वाक्यामुळे तिची नोकरी गेली आणि नाव खराब झालं ते कायमचं. या प्रवासात तिला शोधून तिची माफी मागायची, असं मनात धरून मी निघालो होतो.

मी ब्रदर होतो. दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. आम्ही तेव्हा जिल्ह्यात फार थोडे होतो. एखादी सिस्टर बाळंतपणाला गेली, कुणाचं लग्न निघालं, कुणी नोकरी सोडली, की एक डॉक्टर दुसऱ्याला फोन करायचा, "तुमच्या मोहनब्रदरला दोन महिने पाठवा." की मी पिशवी उचलून निघालो. या गावातून त्या गावात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात. त्या कामाला तेव्हा नाव नव्हतं. आता त्याला ट्रॅव्हल नर्स म्हणतात, हे मला माझ्या नातीने, तेजलने सांगितलं. ती नर्सिंग शिकली आणि एका एजन्सीतर्फे हेच काम करते. तीन महिने इथे, तीन महिने तिथे. तिचं पहिलं ठिकाण लांजा होतं, दुसरं दापोली निघालं. माझंही नेमकं तसंच झालं होतं, लांज्यातून दापोली.

मुलीला रजा नव्हती. ती म्हणाली, "आबा, तुम्हीच जा तिला सोडायला. दापोली तुमच्या ओळखीची आहे."

मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. फोनवर तेजल ओरडली, "गुडघे सांभाळायला नर्स आहे ना सोबत! या गपचूप."

लांजा

रत्नागिरीहून लांजा तसं दूर नाही, पण मी फार वर्षांनी उतरलो. हायवे रुंद झालाय, उतरल्यावर आपण कुठल्या बाजूला आहोत हेच कळेना. माझा जुना दवाखाना शोधायला गेलो तर खाली मोबाइलचं दुकान आणि वर शिकवणीचे वर्ग. जिना मात्र तोच होता. त्याच्या तिसऱ्या पायरीचा टवका उडालेला, तोही तसाच.

तेजलची खोली एका काजूवाल्यांच्या मागच्या अंगणात होती. पडवीत पाच-सहा बायका ओळीने बसून काजू फोडत होत्या. टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी भाजते, बोटं काळी पडतात. कितीही धुतली तरी तो काळेपणा जात नाही. तेजलने त्यांना हातमोजे आणून दिले होते. "ते घालून गर तुटतात म्हणे," ती म्हणाली. एक बाई हसून म्हणाली, "सिस्टरबाय, तुमचं हात गोरं राहूं देत, आमचं चाललंय." घरमालकिणीने जेवायला ओल्या काजूची उसळ केली होती. रत्नागिरीत मिळते ती उसळ आणि झाडाखालच्या घरातली उसळ यांत फरक असतो. मी दोनदा वाढून घेतली.

पण खोलीच्या बाबतीत तेजल फसली होती. काजू फोडणं दिवसभर चालतं, खटखट खटखट, आणि तिला होती रात्रपाळी. पहिला महिना ती झोपलीच नाही. बदलीवर जाणाऱ्या मुलामुलींना मी सांगेन की खोली बघायला दुपारी जा. पाणी किती वेळ येतं ते विचारा, आणि आजूबाजूला दिवसा काय चालतं तेही बघा. रात्रपाळी करणाऱ्याची रात्र दिवसाच असते. ती नीट झाली नाही तर कामात चूक होते, आणि आपल्या कामातली चूक दुसऱ्याला भोगावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची लांज्यातली शेवटची पाळी संपायची होती आणि लगेच आमची गाडी होती. मी सामान घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. पाळी संपली, पण तिच्या जागेवर येणारी सिस्टर आली नाही. तिची स्कूटर पंक्चर झाली होती. मी दोनदा आत डोकावलो. तेजल एका आजीला दूध पाजत होती.

"तेजल, चल. वॉर्डच्या मावशीला सांगून ठेव नि चल. गाडी जाईल."

तिने वळून बघितलं. "आबा, मावशीला ओव्हर द्यायचा? काय बोलताय काय?"

नर्स पाळी सोडताना दुसरीला सगळं सांगून जाते. कुठल्या पेशंटला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणाकडे लक्ष ठेवायचं, कुठली वस्तू संपली. याला दवाखान्यात ओव्हर देणं म्हणतात. तो दिल्याशिवाय खाटा सोडायच्या नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरींनाही शिकवतात. आणि मी, जन्मभर हेच काम केलेला माणूस, माझ्या नातीला सांगत होतो की तसंच सोडून चल.

गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. दुसरी सिस्टर धापा टाकत आली. तेजल तिला घेऊन खाटेखाटेपाशी गेली, प्रत्येक पेशंटला तिने त्या सिस्टरचं नाव सांगितलं. मग पिशवी खांद्याला लावून माझ्याजवळ आली. "रागावलात?"

"नाही."

"मग चेहरा असा का?"

मी म्हटलं, ऊन लागलं. मार्च महिना होता, खपून गेलं. आम्ही मिळेल त्या गाडीने चिपळूणला आलो आणि तिथे बदलून खेडवरून दापोलीला गेलो. सगळ्या वाटेवर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, रात्रपाळी केलेल्या माणसासारखी, तोंड उघडं टाकून. मला त्या जिन्याची तिसरी पायरी दिसत होती आणि लाल चिंधी दिसत होती.

दापोली

दापोलीला रेल्वे नाही. त्यामुळे गावाचा सगळा जीव एसटी स्टँडात असतो. कृषी विद्यापीठाची पोरं अजून तशीच पिशव्यांतून कलमं घेऊन उभी असतात. हवा अजून गार आहे. एवढ्यापुरतं मी घरी खरं सांगत होतो.

तेजलचा नवा दवाखाना मोठा होता, लिफ्ट वगैरे. पहिल्या दिवशी तिने काय केलं ते मी काचेतून बघत होतो. ती डॉक्टरांना भेटून सरळ वॉर्डच्या मावशींकडे गेली आणि म्हणाली, "मला सगळं दाखवा. मला इथलं काही माहीत नाही." मग दोघींनी कपाटाचा एकेक खण उघडला. ऑक्सिजन कुठे, त्याची चावी कुठे, कुठल्या डब्यात काय. नंतर ती मला म्हणाली, "लांज्यात असं करायचो, हे मी पहिला आठवडा तोंडातून काढत नाही. लोकांना राग येतो. पण मनात म्हणत राहते, हे लांजा नव्हे, हे लांजा नव्हे."

"हाताला पण सांग," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"हात लवकर विसरत नाहीत."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, पण विचारलं नाही. तिला ड्यूटीवर जायचं होतं.

आता सांगतो. लांज्याच्या त्या दवाखान्यात आमची पद्धत होती की ऑक्सिजनचा सिलिंडर चावी लावून बघायचा, भरलेला असला की त्याच्या मानेला लाल चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे तयार. मी तिथे बरेच महिने होतो, रोज हेच करायचो. तिथून मला दापोलीला पाठवलं. दापोलीत चिंधी म्हणजे रिकामा. चिंधी बांधलेला सिलिंडर टेम्पोवाला भरायला घेऊन जायचा. पहिल्याच दिवशी प्रभा सिस्टरने मला हे नीट समजावून दिलं होतं. मी ते पाळलंही. दोन महिने एकदाही चुकलो नाही.

माझ्या शेवटच्या रात्रपाळीच्या सकाळी एक सिलिंडर संपला. तो मी भिंतीला लावून ठेवला. शेजारच्या नव्याला चावी लावून बघितलं, हवा सुटली, भरलेला होता. मन गाडीत होतं. दुपारच्या पाळीला देवरूखच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं आणि गाडी चुकली असती तर ते शक्य नव्हतं. हातांनी लांज्यातलं काम केलं. भरलेल्याला लाल चिंधी बांधली. रिकामा तसाच राहिला.

प्रभा यायची होती. ती कधी उशीर करायची नाही, त्या दिवशी तिचं पोर तापलं होतं म्हणून थोडा उशीर झाला. मी थांबलो नाही. ओव्हर न देता पिशवी घेऊन स्टँडवर पळालो.

थोड्या वेळाने टेम्पो आला आणि चिंधीवाला सिलिंडर घेऊन गेला. दुपारी वॉर्डातल्या हर्णैच्या एका वयस्कर तांडेलांना धाप लागली. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. फार मायाळू माणूस, रात्री मला समुद्रातल्या गोष्टी सांगायचे. प्रभाने बिनचिंधीचा सिलिंडर ओढत आणला, नळी लावली, चावी फिरवली. आत काही नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यातून हातगाडीवर सिलिंडर येईपर्यंत ते गेले.

संध्याकाळी देवरूखच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये मला फोनवर बोलावलं. दापोलीचे डॉक्टर होते. त्यांनी झालेलं सांगितलं आणि म्हणाले, "चिंधीवाला भरलेला निघाला, ब्रदर. कुठला भरलेला ते तुम्ही प्रभाला ओव्हरमध्ये सांगितलं होतंत ना?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. समोर नवे डॉक्टर बसले होते, माझा तिथला पहिला दिवस होता. मी म्हटलं, "हो सर. सांगितलं होतं."

तेवढंच वाक्य. तांडेलांची अवस्था मुळातच नाजूक होती, कदाचित नसतेही वाचले, असं पुढे डॉक्टर स्वतःच कुणाशी तरी बोलले म्हणे. ते त्यांनी म्हणावं. मला तो हक्क नाही.

बदलीवर फिरणाऱ्या माणसाची हीच सोय असते आणि हाच धोका असतो. आपण निघून जातो. जे बिघडवलं ते मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात पडतं. मी पुढे कितीतरी गावं फिरलो, दापोलीला परत कधी गेलो नाही. बोलावणी आली, पण मी कारणं सांगितली.

या वेळी मी जुन्या दवाखान्याच्या मागे गेलो. दवाखाना बंद आहे, अंगणात कुणीतरी कलमांची रोपं विकायला मांडली आहेत. मागच्या खोपटात गोदामावशी अजून आहेत. आमच्या वेळी त्या वॉर्डच्या मावशी होत्या. आता नजर अंधुक झाली आहे. मी नाव सांगितलं.

"मोहनब्रदर? अगो बाय! म्हातारं झालाव की हो!"

"तुम्ही नाही झालात?"

"मी त्याच वेळी म्हातारी होती," त्या म्हणाल्या आणि खदखदून हसल्या.

मग मी प्रभाचं विचारलं. हसू गेलं. "ती तिच्या माहेरला. देवरुखाच्या पुढं. हितं कोण ठेवणार तिला? सगळ्या गावात झालं ना, हिनं ओव्हर ऐकला नाय नि माणूस गेला. बाजारात गेली तरी लोकं दाखवायची, ती बघ ती. हाताची लय चांगली होती हो. सुई टोचली तर पोरगं रडायचं नाय." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तर सांगून गेला होता. पण तिचं ध्यान पोराच्या तापात."

मी ते खोडून काढलं नाही. तिथेही.

त्या संध्याकाळी तेजलने मला खाणावळीत नेलं. बांगड्याचं तिखलं होतं. माझं ताट तसंच राहिलं, तेव्हा तिने वाटी बाजूला सारली. "आबा, लांज्यापासून बघतेय. बोला."

मी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. संपल्यावर ती म्हणाली, "चिंधीचं होऊ शकतं. माझ्याकडूनही होईल. पण फोनवर खरं का नाही बोललात?"

"भ्यालो."

"कशाला? नोकरीला?"

"ती गेली असती, दुसरी मिळाली असती. तेव्हा तसं वाटलं नाही."

ती पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, आता ही मला आबा म्हणेल का. मग ती नर्ससारखी बोलली, स्पष्ट आणि हळू. "तुम्ही देवरूखला जा. पण नुसतं 'माझं चुकलं' म्हणून येऊ नका. त्याने तिला काय कळणार? नेमकं सांगा. तुम्ही यायच्या आधी मी निघून गेलो होतो, तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं, असं सांगा. ओव्हर देतात तसं."

देवरूखच्या वाटेवर

संगमेश्वरला उतरून देवरूख, आणि देवरूखहून गोदामावशींनी सांगितलेल्या वाडीपर्यंत वडापची जीप. जीपमध्ये मुंबईहून शिमग्याला आलेले चाकरमानी कोंबलेले होते. एकाच्या मांडीवर ढोल होता आणि माझ्या मांडीवर त्याचं पोर. मी तेजलचं वाक्य मनात घोकत होतो. तुम्ही यायच्या आधी मी निघून गेलो होतो. पोराने माझा चष्मा ओढला तेव्हा बापाने त्याला दटावलं, "अरे, आजोबांना झोपूं दे." माझे डोळे मिटलेले होते म्हणून त्याला वाटलं असावं.

प्रभाचं घर चिऱ्याचं, समोर सारवलेलं अंगण, आणि अंगणात रांगोळी. माणसांची ही गडबड. त्या दिवशी गावदेवीची पालखी त्यांच्याकडे यायची होती. शिमग्यात आमच्याकडे देव पालखीत बसून घरोघर येतो, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. त्या दिवशी घर धुऊन पुसून तयार असतं आणि माहेरवाशिणीही येतात. मी नेमका असा दिवस गाठला होता.

ती पडवीत बसून काजूगर सोलत होती. मी ओळखलं ते मानेवरून. ड्यूटीवर असताना ती अशीच मान थोडी तिरकी करून पेशंटचं ऐकायची. तिने वर बघितलं.

"प्रभा सिस्टर, मी मोहन."

हातातली सुरी खाली ठेवून ती उठली. "ब्रदर! अहो, तुम्ही? माझ्या घरी?" आणि आत हाक मारली, "महेश, अरे बघ कोण आलंय! दापोलीचे आमचे ब्रदर!"

महेश तिचा मुलगा, मुंबईत नोकरीला, शिमग्याला आलेला. त्या सकाळी ताप आला होता तो हाच. आता त्याचे केस पिकू लागले होते. तो माझ्या पाया पडला.

मला तिची बोटं दिसली. काळी. नखांच्या कडेपर्यंत. तिनेही ते पाहिलं आणि हात पदराखाली घेतले. "इकडे आल्यावर काजूच्या कारखान्यात होते हो. बरीच वर्षं. आता घरच्यापुरतंच करते." मग हसून म्हणाली, "या हातांनी कोण सुई टोचून घेणार?"

सुनेने कुळथाची पिठी आणि भात वाढला. प्रभा समोर बसून मला आग्रह करत होती. मी तिला सांगितलं, माझी नात बदलीवर फिरते, सध्या दापोलीला आहे. तिचा चेहरा एवढा उजळला की मला खाली बघावं लागलं.

"तिला सांगा," ती म्हणाली, "सण आले की स्टाफबरोबर जेवायचं, खोलीवर एकटं बसायचं नाही. एकटं माणूस रडतं आणि दुसऱ्या दिवशी कामात चुकतं. नि ओव्हर घेताना दुसरा कसलाही विचार मनात आणायचा नाही. घरी पोर मरायला टेकलं असलं तरी." तिचा आवाज खाली गेला. "माझं तेच झालं ना. तुम्ही सांगितलंत, मला अजून दिसतं. दारात उभे होतात, हातात ती चेकची पिशवी. म्हणालात, चिंधीवाला भरलेला आहे, सिस्टर. मी हो म्हटलं. पण डोक्यात महेशचा ताप. राहिलंच नाही बघा ध्यानात."

माझी पिशवी चेकचीच होती. बाकीचं काही घडलेलं नव्हतं. मी कधी दारात उभा राहिलो नव्हतो. माझं खोटं तिने इतकी वर्षं इतक्या वेळा मनात फिरवलं होतं की तिला ते दिसायला लागलं होतं.

मी घास खाली ठेवला. "प्रभा सिस्टर," मी म्हटलं, "त्या सकाळी..."

बाहेर ढोल वाजला. पोरं ओरडत धावली, "पालखी आली, पालखी आली!" ती लगबगीने उठली. "थांबा हां ब्रदर, देव आलाय दारात." सुनेने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

पालखी अंगणात नाचली आणि पडवीत टेकली. ओटी भरली. मग मानकऱ्यांपैकी एक म्हातारे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे घरच्यांचं मागणं देवासमोर मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा. पोराबाळांचं झालं, मुंबईकरांचं झालं, महेशच्या नोकरीचं झालं. प्रभाने पुढे होऊन म्हाताऱ्यांच्या कानात काही सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पाठ असावं.

"बा देवी, ह्या तुज्या लेकीच्या हातून दापोलीला रुजू असताना अजाणता एक चूक झाली, एक जीव गेला. तेचा दोष पोटात घाल, तिच्या लेकराबाळांवर येऊं देऊं नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मी त्यांच्यात उभा होतो. हात जोडलेले होते. शेजारच्या चाकरमान्याने माझ्याकडे बघितलं, आणि मीही म्हणालो, "व्हय म्हाराजा."

यापुढे फार लिहिण्यासारखं नाही. पालखी पुढच्या घरी गेली, घरात पाहुण्यांची पंगत बसली, शेवटची जीप सुटायची वेळ झाली. महेश मला सोडायला येणार होता. निघताना प्रभाने काजूगरांची पुडी माझ्या हातात दिली. "नातीला द्या. म्हणावं, एका जुन्या सिस्टरने दिलेत. आणि गणपतीला या, दोघंही. तेव्हा निवांत बोलू. तुम्ही मघाशी काहीतरी सांगत होतात ना?"

"गणपतीला सांगतो," मी म्हटलं.

रत्नागिरी

घरी आल्यावर मी तिला दोन-तीनदा फोन केला. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं. फोनवर एकदा खोटं बोललो होतो, खरं तरी समोर बसून सांगावं, असं मी स्वतःला समजावत होतो. तेजल दर आठवड्याला विचारायची, "सांगितलंत?" मी म्हणायचो, गणपतीला. पुढे तिने विचारणं सोडून दिलं.

श्रावणात महेशचा फोन आला. प्रभाला ताप आला, देवरूखच्या दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत आटोपलं. मी बाराव्याला गेलो. पाऊस होता, जीप वाडीपर्यंत जात नव्हती, शेवटचा चढ पायी चढलो. जेवणं झाल्यावर महेशला मागच्या पडवीत नेलं आणि जे तिला सांगायचं ते त्याला सांगितलं. तेजलने शिकवलं होतं तसं, नेमकं. चिंधीचं, एसटीचं, फोनचं.

तो पागोळ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "आई दर शिमग्याला गाऱ्हाणं घालायची. आम्ही लहान असल्यापासून." पुढे म्हणाला, "माझ्या तापामुळे झालं, असं मला वाटायचं." आणि मग, मोठ्याने नाही, रागानेही नाही, "मला काय सांगता, ब्रदर? तिला सांगायचं होतंत."

तो आत निघून गेला. मला चहा सुनेने आणून दिला.

म्हणून हे लिहिलं. दापोलीत अजून कुणी ती गोष्ट सांगत असेल, तर त्यांनी इथून पुढे ती अशी सांगावी. आणि जी मुलं पिशवी घेऊन या गावातून त्या गावात जातात त्यांना एवढंच, की गाडी जाऊ द्या, दुसरी मिळते.

बाकी जे होतं ते एकाच माणसाला सांगायचं होतं. जीपमध्ये पाठ केलेलं ते अजून तसंच आहे.

प्रभा सिस्टर, त्या सकाळी तुम्ही यायच्या आधीच मी निघून गेलो होतो. मी दारात उभा नव्हतो. चिंधी मी बांधली, चुकीच्या सिलिंडरला. मी तुम्हाला काहीही सांगितलं नव्हतं. तुम्ही काही विसरला नाहीत. मला माफ करा.